आधी नमस्कार, मग ओळख



काशी-अयोध्या करून पुढे नेपाळला जाणाऱ्या यात्रागाड्या आता आपल्या शिरूर-दौंडकडे नवलाच्या राहिलेल्या नाहीत. उसाचे बिल हाती आले, धाकटीचे लग्न उरकले, नोकरीतून निवृत्त झालो, की पशुपतिनाथाचे दर्शन घ्यावे, जमले तर मुक्तिनाथापर्यंत जावे, शाळिग्राम देणारी गंडकी डोळ्यांनी पाहावी, असे अनेकांना वाटते. तिथे जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. १९५० च्या मैत्री कराराने ही मोकळी ये-जा मान्य केलेली आहे. गोरखपूरच्या पुढे सोनौलीची हद्द ओलांडायची, गाडीचा भन्सार भरायचा, घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायचे, की परदेशात पोहोचलो.

खरा परदेश मात्र चौफुल्याला गाडीत पाय ठेवताच लागतो.

समजा, अशी एक गाडी पहाटे चौफुल्याहून निघाली. केडगावची माणसे चढली. पारगावजवळ भीमा ओलांडली आणि दौंड तालुका मागे राहिला. न्हावऱ्याला चार जोडपी पिशव्या घेऊन उभी होती. शिरूरला उरलेल्या जागा भरल्या आणि घोडनदीचा पूल ओलांडून गाडी नगरच्या रस्त्याला लागली. आत चाळीसएक माणसे. पुढचे पंधरा-सोळा दिवस यांच्याबरोबर जेवायचे, धर्मशाळेत एका खोलीत झोपायचे, घाटात जीव मुठीत धरायचा. आणि यांतल्या बहुतेकांचे तोंडही आजवर पाहिलेले नाही. या पहिल्या दिवशी आपण एकमेकांशी कसे वागतो, एवढ्याच गोष्टीचा विचार आज करू या.

पहिला प्रश्न जागेचा. पुढची जागा कोणाची, खिडकी कोणाला, मागच्या चाकावर कोण आदळणार? 'पैसे सगळ्यांनी सारखेच भरलेत' हे वाक्य शिरूर सुटायच्या आतच ऐकू येते. दुसरा प्रश्न माणसांचा. 'पाव्हणं, कोणत्या गावचं?' इथपर्यंत ठीक. मग 'आडनाव काय?' आणि आडनाव कळले की काही वेळा बोलणाऱ्याचा आवाज बदलतो. कोणाशी सलगी वाढते, कोणाशी बोलणे तिथेच थांबते. दुपारच्या जेवणापर्यंत गाडीत तीन-चार टोळ्या पडलेल्या असतात. एकटी आलेली एखादी म्हातारी कोणत्याच टोळीत नसते. ती आपला डबा मांडीवर उघडून खिडकीकडे तोंड करून जेवते.

यात मोठे पाप कोणी केले असे नाही. गाव विचारण्यात वाईट काहीच नाही, त्यातूनच 'अहो, आमची चुलती तुमच्याच गावची' असा धागा निघतो. विचारण्यामागचा हेतू मात्र दोन प्रकारचा असतो. माणूस जवळ यावा म्हणून विचारलेला प्रश्न वेगळा आणि माणसाची पायरी ठरवावी म्हणून विचारलेला वेगळा. शब्द तेच असले तरी ज्याला विचारले त्याला फरक लगेच कळतो.

म्हणून मूळ प्रश्न असा मांडावा लागतो: परक्या माणसाला मान केव्हा द्यावा? त्याची ओळख पटल्यावर, की त्याच्या आधीच?

व्यवहार म्हणतो, आधी ओळख. माणूस कसा आहे ते पाहावे आणि त्याच्या योग्यतेप्रमाणे मान द्यावा. वारकरी संप्रदायाने हा क्रम उलटा केला. वारीत समोर आलेल्या माणसाला आपण 'माऊली' म्हणतो ते त्याचे नाव माहीत नसताना. कीर्तन संपल्यावर शेजारच्याच्या पाया पडतो तेव्हा तो कोणत्या गावचा, किती शिकलेला, किती एकरांचा धनी, हे विचारलेले नसते. तो आपल्यापेक्षा वयाने लहान असला तरी आपण वाकतो आणि तोही आपल्यापुढे वाकतो. आपला नमस्कार त्याच्या गुणांना नसतो, त्याच्या ठायी असलेल्या पांडुरंगाला असतो. म्हणून त्याची परीक्षा घेण्याचे कारणच उरत नाही.

आपल्याच तालुक्यात हे दर वर्षी घडते. तुकोबारायांच्या पालखीचा सोहळा त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केला. तो पालखीमार्ग लोणी काळभोरहून दौंड तालुक्यात येतो आणि यवत, वरवंड हे मुक्काम करून पुढे बारामतीकडे जातो. यवतची पिठलं-भाकरी साऱ्या वारीत प्रसिद्ध आहे. हजारोंच्या पंगतीत भाकरी वाढणाऱ्या बाईला ताटापुढचा माणूस कोण ते ठाऊक नसते, आणि ठाऊक करून घेण्याची तिला गरजही वाटत नाही. भुकेला आहे आणि वारीला निघाला आहे, एवढी ओळख पुरते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्यच आहे. कोणी म्हणेल, 'महाराज, सगळ्यांना मान द्या हे बोलायला सोपे. उद्या सोनौलीच्या गर्दीत पिशवी गेली म्हणजे?' इथे मान आणि विश्वास या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. मान पहिल्याच क्षणी द्यायचा असतो, कारण तो कमवावा लागत नाही. विश्वास अनुभवाने हळूहळू द्यायचा असतो. मैत्री तर मागून मिळतच नाही, जमली तर जमते. तुमची पैशांची पिशवी कमरेलाच राहू द्या. वारीतही शहाणा वारकरी आपली पडशी उशाला घेऊनच झोपतो. पण पिशवी सांभाळताना शेजारच्याकडे चोर म्हणून पाहण्याचे कारण नाही. आपण बहुधा उलट करतो. आपल्या जातीचा, आपल्या गावचा म्हणून ज्याला काल पाहिले त्याच्यावर आंधळा विश्वास टाकतो आणि दुसऱ्याला साधा मानही देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. 'माऊली, माऊली' म्हणणे हा नुसता तोंडचा उपचार नाही कशावरून? संप्रदायाने याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर आहे. जिथे आपण रोज डोके टेकतो तिथून आत जायला मात्र त्यांच्या समाजाला शतकानुशतके बंदी होती. ती उठावी म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषणाला बसावे लागले. मंदिर सर्वांना खुले झाले ते त्यानंतर. म्हणजे एकमेकांच्या पाया पडणारी माणसेही दाराशी आली की आडनाव पाहत होती. नमस्कार खरा की खोटा, हे वाळवंटातल्या गर्दीत कळत नाही. तिथे सगळेच वाकतात, मग आपणही वाकतो. ते कळते दारात, पंगतीत आणि आजच्या काळात गाडीतल्या जागेवर. आषाढीत ज्याने शंभर अनोळखी माणसांचे पाय धरले, तोच कार्तिकानंतर यात्रेच्या गाडीत आडनाव ऐकून शेजारची जागा बदलून मागत असेल, तर त्याचा नमस्कार चंद्रभागेच्या काठीच राहिला. तो त्याच्याबरोबर घरी आलाच नाही.

'दिंडीची गोष्ट वेगळी, ही विकत घेतलेली सहल आहे,' असेही म्हणता येईल. पण दिंडीतही भिशी भरावी लागते. धान्य, गॅस, तंबू, ट्रक यांना पैसा लागतोच. फरक पैशात नाही. दिंडीत भिशी भरलेला माणूस विण्यामागे आपल्या ओळीत चालतो आणि पैसे भरले म्हणून विणेकऱ्याच्या पुढे जाण्याचा हक्क सांगत नाही. विमानाने युरोपात जाऊन तिथे बसने फिरणाऱ्या सहलींतही जाणत्या संयोजकांनी एक नियम ठेवलेला असतो. बसण्याच्या जागा रोज फिरत्या, आज पुढे बसलेला उद्या मागे. तिथला कायदा बसच्या चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास विश्रांती घ्यायलाच लावतो, मग प्रवाशांना कितीही घाई असो. या नियमांना अध्यात्म कोणी म्हणत नाही. पण माझ्या सोयीपलीकडे दुसऱ्याचीही पाठ आहे, दुसऱ्याचेही डोळे थकतात, हे त्या नियमांनी मान्य केलेले असते.

आणि मान आधी द्यायचा म्हणजे अन्याय गिळायचा, असाही अर्थ नाही. ज्ञानोबामाऊलींच्या सोहळ्यात संध्याकाळी तळावर समाजआरती होते. त्या वेळी चोपदार दंड उंच करतात आणि साऱ्या दिंड्यांचे टाळ शांत होतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिथे जातात, म्हणणे ऐकून घेतात, निवाडा होतो. हरवले-सापडलेले जाहीर होते. मग आरती. आपल्या पूर्वजांनी भाबडेपणाने असे धरले नाही की माऊली म्हणणारी माणसे भांडत नाहीत. ती भांडणार, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून तक्रारीला त्यांनी रोजची वेळ दिली आणि ती वेळ आरतीच्या आधी ठेवली. मनात अढी घेऊन आरतीला उभे राहू नये आणि आजचे भांडण उद्याच्या वाटेला लावू नये, एवढा व्यवहार त्यात आहे.

यात्रेच्या गाडीत चोपदार नसतो. पण पहिल्या रात्री मुक्कामाला हरिपाठ झाल्यावर दहा मिनिटे बसून 'कोणाला काही अडचण आहे का?' असे विचारायला कोणाची हरकत आहे? मागच्या जागेवर कंबर धरली असेल तर ती व्यक्ती सांगेल. लाजाळू असेल तर शेजारच्याने सांगावे. पहिल्या दिवशी न बोललेली गोष्ट पाचव्या दिवशी कुजबूज होते आणि दहाव्या दिवशी भांडण. तेव्हा आपण परक्या देशात असतो, हातातला फोनही धड लागत नसतो आणि या चाळीस माणसांशिवाय आपले म्हणावे असे जवळ कोणी नसते.

परक्या मुलखात माणसाला काय लागते हे नामदेवरायांच्या चरित्रातून समजते. ते पंजाबात घुमानला जाऊन राहिले. भाषा वेगळी, अन्न वेगळे, चंद्रभागा शेकडो कोस दूर. आज गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि घुमानला लोक त्यांना आपलेच संत मानतात. तिथे पोहोचले त्या पहिल्या दिवशी नामदेवराय तिथल्या माणसांना परकेच होते. त्या दिवशी सगळ्यांनीच दारे लावून घेतली असती, तर पुढचे काही घडले नसते. आपण नामदेव नाही, हे खरे. पण एखाद्या परक्यासाठी जरा सरकून जागा करणारा माणूस तर आपल्याला होता येते.

तेव्हा माऊली, यात्रेचे पैसे भरले असतील तर सामानाच्या यादीत एवढे लिहून ठेवा. गाडीत चढल्यावर जागा शोधायच्या आधी दोन्ही बाजूंना हात जोडा. एकटे कोण आले आहे ते पाहा आणि दुपारी त्याच्या शेजारी जेवायला बसा. गाव विचारा, आणि आपलेही सांगा. आडनाव पुढे केव्हातरी कळेलच, त्याची घाई नको. गाडीचा चालक, क्लीनर आणि बरोबर घेतलेला आचारी यांची नावे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, आणि ते जेवले का हे रोज विचारा. आपण दर्शन घेत असतो तेव्हा ते गाडीपाशी थांबलेले असतात.

पारगावला जी भीमा ओलांडली तीच पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते. शिरूरच्या पुलाखालून वाहणारी घोडनदीही पुढे तिलाच मिळते. गाडी त्या दोन्ही नद्या ओलांडून उत्तरेला जाईल, त्या मात्र पंढरीच्या वाटेने जातच राहतील. पशुपतिनाथाच्या दारी पोहोचायला अजून बरेच दिवस आहेत. शेजारच्या जागेवर बसलेल्या पांडुरंगाचे दर्शन मात्र नगर यायच्या आत होऊ शकते.

रामकृष्णहरी.