रोज एकच खेळ

म्हातारपणी माणसाने काय करावे आणि काय करू नये याची भलीमोठी यादी आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. पण 'आवडत्या नटांचे सर्वोत्तम चित्रपट निवडण्याच्या भानगडीत पडू नये' हे कलम तीत घालायचे राहून गेले. ते घातले असते, तर आमच्या सावेडीच्या कट्ट्यावरची भांडणे टळली असती आणि सौभाग्यवतींनी मला जे ऐकवले ते ऐकवण्याची संधी निदान त्या दिवशी तरी त्यांना मिळाली नसती.

आमचा कट्टा म्हणजे सात पेन्शनर. सातांचे मिळून दात एका माणसाला पुरतील इतके, आणि मते सातशे माणसांना पुरून उरतील इतकी. राजकारणावर बोलायचे नाही असा ठराव आम्ही एका मारामारीच्या बेतानंतर केला. तेव्हापासून विषयांचा दुष्काळ पडला. मग कुणीतरी काढले, की प्रत्येकाने तीन आवडते नट निवडायचे, प्रत्येकाचा एकच सर्वोत्तम चित्रपट लिहायचा, पुढे चार ओळी कारण द्यायचे आणि शनिवारी वाचून दाखवायचे. ज्याची यादी चांगली, त्याला मिसळ. अर्थात इतरांच्या खर्चाने. पोटकलम एकच : तिघांपैकी निदान एक तरी नट नगरचा पाहिजे. 2024 साली गावाचे नाव अहिल्यानगर झाले, पण नगरी अभिमान जिथल्या तिथे आहे.

आता, नगरचे नट म्हटले की मी एकदम ताठ बसतो. आमच्या गावाने पडद्याला एक देव दिला आणि एक दुष्ट दिला. दोन्ही पहिल्या प्रतीचे. देव म्हणजे शाहू मोडक. 1918 साली इथेच जन्मले. 1932 च्या 'श्यामसुंदर'मध्ये कृष्ण झाले, आणि मग लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा कृष्ण व्हायला लावले. गंमत अशी, की हा मुरलीधर ख्रिस्ती घरातला. पण त्यांच्यापुढे हात जोडणाऱ्यांनी तेवढ्यासाठी हात मागे घेतले नाहीत. दुष्ट म्हणजे सदाशिव अमरापूरकर. जन्म 1950, गाव हेच. 1983 च्या 'अर्धसत्य'मध्ये त्यांनी असा काही रामा शेट्टी केला, की आमच्यातला एकजण त्या नावाच्या सभ्य हॉटेलवाल्याकडे चहा प्यायला पुढे बरेच दिवस कचरत होता.

मी कागद-पेन घेऊन बसलो. पहिले नाव अमरापूरकर. चित्रपट? 'अर्धसत्य'. झाले! इतके सोपे काम असताना लोक उगाच भांडतात. पण कारणाच्या चार ओळी लिहू लागलो आणि पेन अडले. 'अर्धसत्य' उत्तम खराच. पण त्यात रामा शेट्टी दिसतो किती? मोजके प्रसंग. चित्रपट गोविंद निहलानींचा, पटकथा तेंडुलकरांची, आणि सगळा भार ओम पुरींच्या खांद्यावर. मग हा अमरापूरकरांचा सर्वोत्तम चित्रपट, की उत्तम चित्रपटातले अमरापूरकर? त्यापेक्षा 1991 चा 'सडक' घ्यावा. फिल्मफेअरवाल्यांनी खलनायकासाठी वेगळे पारितोषिक ठेवायला सुरुवात केली, त्यातले पहिलेच त्यांच्या महाराणीला मिळाले. पण 'सडक' म्हटले की कट्ट्यावरचे विद्वान नाक मुरडणार. म्हणजे मी यादी करतोय ती आवडीची, की कट्ट्याला शोभेल अशी?

शाहू मोडकांपाशी तीच गत. 'माणूस' (1939) मधला तो वेश्येवर जीव जडलेला पोलीस शिपाई मला फार आवडतो. पण 1940 चा 'संत ज्ञानेश्वर' सोडायचा कसा? ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला. तो सोडला तर नेवाशाकडचे दोन सभासद मला जिवंत सोडणार नाहीत. तिसरे नाव निळू फुले. तिथे मात्र हात अडखळला नाही. लिहिले : 'सामना'.

सौभाग्यवती भाजी निवडता निवडता हे सारे पाहत होत्या. त्यांनी विचारले, "अहो, या अमरापूरकरांनी एकंदर सिनेमे केले किती?"

"पुष्कळ. किती तरी आज कुणाला नावानेसुद्धा आठवायचे नाहीत."

"आणि तुम्ही त्यांतला सगळ्यात चांगला एक निवडणार, आणि म्हणणार, हे अमरापूरकर?"

"म्हणजे काय! नटाची परीक्षा त्याच्या उत्तम कामावरूनच करायची असते."

"नशीबवान बाई नट लोक," त्या म्हणाल्या. "मी चाळीस वर्षांत पुरणपोळी किती वेळा केली असेल? तुमच्या मावशींना आठवते ती फुटलेली."

मी विनोद म्हणून हसलो. पण बाण कुठेतरी लागला. खरेच, आपला हा न्याय मोठा चमत्कारिक आहे. ज्याला आपण एकदाही भेटलो नाही त्या नटाचे पडेल चित्रपट आपण उदार मनाने विसरतो आणि त्याचे एकच सोने तिजोरीत ठेवतो. घरच्या माणसाच्या बाबतीत मात्र तिजोरीत पितळ ठेवायचे, आणि तेही रोज काढून घासायचे! शेजारी तीस वर्षे बरा वागला, तरी आपण त्याला ओळखतो ते त्याने आपल्या दारापुढे स्कूटर लावली होती त्या दिवसावरून.

"मग माझा उत्तम चित्रपट कोणता?" मी सहज विचारले. नवऱ्याने बायकोला असे प्रश्न विचारू नयेत, हेही पूर्वजांनी लिहून ठेवायला हवे होते.

"शूटिंग सुरू आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. आणि मग भाजीतून मान न काढता, "दादांचा कोणता?"

इथे मला दादांविषयी सांगणे भाग आहे. दादा म्हणजे आमचे थोरले बंधू. राहतात गावी, पाथर्डी तालुक्यात. 2003 साली वडील गेल्यावर जमिनीची वाटणी झाली. विहिरीकडचा तुकडा सातबाऱ्यावर दादांच्या मुलाच्या नावावर चढला, आणि माझ्या वाट्याला आला तो उताराचा माळ. मला ते कळले कागद झाल्यावर. मी वकिलाची नोटीस पाठवली. ज्ञानेश्वरांनी थोरल्या भावाला गुरू केले, अस्मादिकांनी थोरल्या भावाला प्रतिवादी केले. पुढे चौघांनी बसून तडजोड केली, पण बोलणे जे थांबले ते थांबलेच. लग्नकार्यात आम्ही एकमेकांना असा नमस्कार करतो, की पाहणाऱ्याला वाटावे, दोघे विरुद्ध पक्षांचे उमेदवार आहेत.

"त्यांचा कुठला उत्तम चित्रपट!" मी म्हणालो. "त्यांनी केला तो एकच. सातबाऱ्याचा."

"निळू फुल्यांना बायका शिव्या द्यायच्या म्हणून तुम्हीच हसत सांगता ना?"

हे मी सांगतो खरे. निळूभाऊ म्हणजे पडद्यावरचा पाटील, सरपंच, साखरसम्राट. बाईमाणसाकडे वाकडी नजर टाकणारा. आणि प्रत्यक्षात? सेवादलात वाढलेला, पुण्यात सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, कमालीचा सज्जन माणूस. पण खेड्यातल्या बायका त्यांना पाहून खरोखरच बोटे मोडायच्या. बिचाऱ्यांना वाटे, पडद्यावर दिसले तेवढाच हा माणूस. त्यावर मी कट्ट्यावर पोट धरधरून हसलो आहे. आणि दादांच्या बाबतीत बावीस-तेवीस वर्षे मी स्वतः बोटे मोडण्यापलीकडे काय केले?

पण थांबा. मी इतक्या लवकर हार मानणारा नव्हे. मी सौभाग्यवतींना म्हणालो, "यात फरक आहे. निळूभाऊंनी पडद्यावर जमिनी लाटल्या, त्या खोट्या होत्या. दादांनी माझी विहीर घेतली, ती खरी. रामा शेट्टीमुळे माझे काहीएक गेले नाही. म्हणून अमरापूरकरांना मोठ्या मनाने टाळी देणे मला परवडते. सोंग वेगळे आणि कृत्य वेगळे."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मी दचकलो. त्या 'बरोबर आहे' म्हणाल्या की पुढे धोका असतो. "विहीर गेली ती गेलीच. चांगल्या कामाने वाईट काम पुसलं जात नाही. पण मग वाईट कामाने चांगलं कसं पुसलं जातं?"

याला उत्तर नव्हते. मी पेन घेऊन गॅलरीत जाऊन बसलो.

1972 साल. आमच्या भागात दुष्काळ असा, की विहिरीच्या तळाला कोरडा दगड. त्या वर्षी दादा मॅट्रिकला होते. हुशार माझ्यापेक्षा. एका सकाळी दप्तर खुंटीला अडकवून ते दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. ते दप्तर मग खुंटीवरून कधी उतरले नाही. दोघांपैकी एकानेच शिकावे एवढीच घरची ऐपत होती आणि तो एक मी ठरलो. कोणी ठरवले, कसे ठरवले, मी कधी विचारले नाही. कामावर मिळणारी सुकडी ते धोतराच्या सोग्यात बांधून माझ्यासाठी आणत. माझी ही सावेडीची गॅलरी, पेन्शन, कट्टा, 'अर्धसत्य'वरची मते, सगळे त्या खडीच्या ढिगावर उभे आहे.

आणि 'सामना'. मी नगरला कॉलेजात होतो. दादा महिन्यातून एकदा एस.टी.ने पीठ-मीठ घेऊन येत. एकदा मी हट्ट धरला. बर्लिनच्या महोत्सवात जाऊन आलेला सिनेमा, पाहिलाच पाहिजे! दादांनी तिकीट काढले, एक. म्हणाले, "म्या पाह्यलाय पाथर्डीला. तू जाऊन ये." आणि समोरच्या लिंबाखाली शेंगदाणेवाल्यापाशी बसले. बाहेर आल्यावर एस.टी. स्टँडपर्यंत मी त्यांना सगळी गोष्ट सांगत चाललो. तो दारूत बुडालेला मास्तर, तो हिंदुराव पाटील, तो नाहीसा झालेला मारुती कांबळे. मी थांबलो की दादा म्हणत, "मंग?" पुढे सांगितले की परत, "मंग?" पाहिलेला माणूस 'मंग?' म्हणत नाही, हे त्या दिवशी माझ्या पदवीधर होऊ घातलेल्या डोक्यात शिरले नाही. दुसरे तिकीट काढले असते तर परतीच्या एस.टी.चे पैसे उरले नसते, हे तर किती तरी वर्षांनी कळले.

कळले होते; तरी मी ते अडगळीत टाकून दिले होते. माझ्या डोक्यातल्या टॉकीजला 2003 पासून एकच खेळ लागत होता. सातबारा. रोज तीन शो, प्रेक्षक एक, आणि तरी हाऊसफुल्ल! दुसरी रिळे आतल्या खोलीत पडून. मालकाला ती लावायची नव्हती, कारण ती लावली असती तर प्रेक्षकाला रडू आले असते, आणि रागावलेल्या माणसाला रडू आलेले परवडत नाही.

आणि दादांच्या डोक्यातल्या टॉकीजला माझा कोणता खेळ लागत असेल? वकिलाची नोटीस. रजिस्टर पोस्टाने आलेली, पोस्टमनने सगळ्या गावासमोर सही घेऊन दिलेली. खडी फोडून ज्याला शिकवले त्याने शिक्षणाचा पहिला उपयोग आपल्यावर करावा! माझा उत्तम चित्रपट निवडायला त्यांना कोणी सांगितले, तर त्यांना काही सापडेल का? मी पुष्कळ शोधले. एक-दोन बरे प्रसंग आहेत. पूर्ण लांबीचा चित्रपट नाही.

मी मोबाइल घेतला. नंबर सौभाग्यवतींकडून मागून घ्यावा लागला. त्यांच्याकडे तो होता, आणि वापरातला होता, हेही त्याच दिवशी समजले.

"कोन बोलतंय?"

"मी. धाकटा."

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मागे एक शेळी ओरडत होती, तेवढीच.

"काय रे, बरा हायेस ना? कुनी गेलं का?"

आमच्यात फोन आता त्याच कारणासाठी होणार, असे त्यांनी धरूनच ठेवले होते. मी म्हणालो, "नाही. एक विचारायचं होतं. निळू फुल्यांचा सगळ्यात चांगला सिनेमा कोणता हो, दादा?"

दुसरा कुणी असता तर 'डोकं फिरलंय का' म्हणाला असता. दादांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "सामना."

"तुम्ही तर पाहिलाच नव्हता तो! बाहेर लिंबाखाली बसला होतात."

"मंग काय झालं?" दादा म्हणाले. "तू सांगितलास की सगळा. लई झ्याक सांगितला हुतास."

पुढे आम्ही कांद्याच्या भावावर बोललो. विहिरीचे नाव दोघांनीही काढले नाही. ती अजून तिथेच आहे, आणि तिचे काय ते बोलावे लागेलच. नमस्काराने सुटणारा तो प्रश्न नव्हे. पण येत्या रंगपंचमीला मढीच्या जत्रेला या, असे ते म्हणाले, आणि मी येतो म्हणालो.

शनिवारी कट्ट्यावर मी यादी वाचली. 'सामना'पुढच्या चार ओळींत पटकथा, दिग्दर्शन, अभिनय यांविषयी काहीच नव्हते म्हणून माझे गुण कापण्यात आले. मिसळ नेवाशाच्या सभासदाने मारली. पैसे मी दिले.