साठ घटकांचा हिशोब

॥ श्रीराम समर्थ ॥



गेल्या गुरुवारी उपासनेनंतर प्रसाद घेताना एका ताईंनी विचारलं, "नियम घेतला की आठ दिवस चालतो, नवव्या दिवशी सुटतो. वेळच मिळत नाही हो. काय करावं?" बडोदा, बेळगाव, हैदराबादच्या ग्रुपांतूनही फिरून फिरून हाच प्रश्न येतो. ताईंना तिथल्या तिथे काही उत्तर देता आलं नाही, कारण या बाबतीत आमच्याच खात्यावर एक मोठं देणं आहे. ते आधी सांगतो.

आमच्या इंदूरच्या उपासनेत एक काका यायचे. बँकेतून निवृत्त झालेले, दासबोधाचे नित्य वाचक. काचबिंदूने नजर गेली तेव्हा त्यांचा अकरावा दशक नुकताच संपला होता. गेल्या दसऱ्याला सोनं द्यायला आम्ही चौघं त्यांच्याकडे गेलो, तर म्हणाले, "पोरांनो, पुढचे नऊ दशक राहिलेत. रोज कोणीतरी येऊन एक समास वाचून दाखवाल का? फार नाही, दहा-बारा मिनिटांचं काम."

आम्ही चौघंही त्याच गल्लीत राहतो. सगळ्यात लांबचं घर चालत पाच मिनिटांवर. लगेच हो म्हणालो. "दिवाळी होऊ द्या काका, मग सुरू करू." दिवाळीनंतर लग्नसराई आली. मग मार्च एंड, मग मुलांच्या परीक्षा, मग सुट्ट्यांत गावाला जाणं. काकांनी मध्ये फक्त एकदा आठवण केली, तीही हसत. आषाढात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणल्यावर मात्र आम्हाला वेळ मिळाला! चौघांनी पाळ्या लावल्या, एक दिवसही चुकवला नाही. एकतीस समास वाचून झाले. पंधराव्या दशकाचा पहिला समास ऐकला, त्या रात्री काका गेले.

नव्वद समास होते. रोज एक धरला तरी तीन महिने. आम्ही नऊ महिने "वेळ नाही" म्हणत होतो.

सद्गुरूंच्या कानावर हे घातलं तेव्हा मान वर करायची हिंमत नव्हती. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "एक वही घ्या. पहिल्या पानावर लिहा, आयुष्यात काय पाहिजे. शोभेसाठी लिहू नका, खरं तेच लिहा. मग आठ दिवस झोपायच्या आधी लिहा, दिवस कुठे गेला. साठ घटका मिळतात रोज, राजालाही तेवढ्याच आणि हमालालाही तेवढ्याच. हिशोब आणून दाखवा."

घटका म्हणजे चोवीस मिनिटं. पूर्वी लग्नात घंगाळात पाणी भरून त्यात बारीक भोक पाडलेलं घटिकापात्र सोडायचे, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलं असेल. पाणी हळूहळू आत येतं, चोवीस मिनिटांत वाटी बुडते, गुरुजी ती उचलून पुन्हा सोडतात. वाटी भरताना आवाज होत नाही. कळतं ते बुडाल्यावर.

आम्ही हिशोब मांडला. सात तास झोप, म्हणजे साडेसतरा घटका. नोकरी आणि येणं-जाणं मिळून दहा तास, पंचवीस घटका. आंघोळ, जेवण, बाजार यांचे तीन तास, साडेसात घटका. झाल्या पन्नास. उरल्या दहा. म्हणजे पूर्ण चार तास! काकांचा समास अर्ध्या घटकेचा होता.

त्या दहा घटका कुठे जातात? एकाच्या मोबाईलने स्वतःच साक्ष दिली, रोज पावणेतीन तास. (त्यात आपल्या ग्रुपवरचे सुप्रभात, फुलं आणि देवांचे फोटोही आले, हे आम्हीच लिहायला हवं.) दुसरा काम संपल्यावरही तासभर ऑफिसात बसून राहायचा, कारण साहेब उठले नसायचे. तिसऱ्याचा वेळ ओट्यावरच्या गप्पांत. चौथ्याला तर सांगताच येईना, त्याच्या वहीत जागोजागी एकच शब्द होता, "असंच".

पण खरी लाज वाटली ती पहिल्या पानाने. त्या पानावर एकाने लिहिलं होतं, मुलाशी मैत्री हवी. आठ दिवसांत त्याचं मुलाशी झालेलं सगळं बोलणं वहीत तीन वाक्यांत मावलं: अभ्यास झाला का, फोन ठेव, जेवायला चल. पहिलं पान एका माणसाचं आणि पुढची आठ पानं दुसऱ्याच माणसाची, असं वाटावं. सद्गुरूंनी वह्या चाळल्या आणि विचारलं, "यातलं तुमचं आयुष्य कोणतं?" आम्ही काय बोलणार!

मग त्यांनी अहिल्याबाईंची गोष्ट काढली. आपण इंदूरकर त्यांच्या पुण्यतिथीला पालखीत चालतो, राजवाड्यासमोर त्यांच्या पुतळ्याला हात जोडतो, पण त्यांचा दिवस कसा होता हे किती जणांना माहीत आहे? जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने माळव्यातल्या माहितगार लोकांना विचारून तो लिहून ठेवला. त्यांचं पुस्तक 1823 मध्ये छापलं गेलं. त्यात आहे ते असं. सूर्योदयाच्या तासभर आधी उठणं, पूजा-प्रार्थना, ठराविक वेळ पोथी ऐकणं, दानधर्म, ब्राह्मणभोजन, मग स्वतःचं साधं जेवण. पुन्हा प्रार्थना, थोडी विश्रांती. दुपारी दोनला दरबार, तो सहापर्यंत. मग दोन-तीन तास उपासना आणि थोडा फराळ. रात्री नऊला पुन्हा कामकाज, ते अकरापर्यंत. मग झोप.

राज्यकारभाराला रोज पंधरा घटका, दिवसाचा चौथा हिस्सा. त्याच्या दोन्ही बाजूंना देव. आणि दरबारात त्या लोकांची गाऱ्हाणी स्वतः ऐकत. 1767 पासून 1795 मध्ये देह ठेवीपर्यंत, जवळजवळ अठ्ठावीस वर्षं, सणवार, उपास आणि राज्यावरचे प्रसंग सोडले तर या क्रमात फारसा फरक पडत नसे.

त्यांना घरी काही अडचणी नव्हत्या म्हणून हे जमलं, असं कोणी म्हणू नये. पती कुंभेरीच्या वेढ्यात गेले, सासरे गेले, मुलगा गेला, तेव्हा कुठे कारभार हाती आला. उतारवयात नातू गेला, जावई गेले आणि मुलगी मुक्ताबाई त्यांच्यासोबत सती गेली. माल्कम लिहितात की त्यानंतर तीन दिवस बाईंनी अन्न घेतलं नाही आणि एक शब्द बोलल्या नाहीत. त्यातून त्या उठल्या आणि पुढेही राज्य सांभाळलं. इतक्या दुःखात माणसाला रोज सकाळी उठून काय करायचं हे ठरवायची ताकद नसते. आधीच ठरलेलं असेल तर पाय त्या वाटेने चालतात. दिनक्रमाचं खरं मोल अशा दिवसांत कळतं असं आम्हाला वाटतं.

आता एक बोलायला हवं. अहिल्याबाईंच्या स्वयंपाकघरात त्या स्वतः उभ्या नसत. आपल्या घरातल्या ताई-वहिनींच्या वहीत दहा घटका उरतच नाहीत. पहाटे उठून पारायण करा म्हणून सांगणं सोपं आहे, पण सहा वाजता डबे कोण भरणार? आमच्यातल्या एकाने हौसेने पत्नीलाही वही दिली. आठ दिवसांनी तिने ती कोरीच परत केली. म्हणाली, "लिहायला बसायला वेळ कुठे होता?" सद्गुरूंना हे सांगितलं तर ते खूप हसले आणि मग एकदम गंभीर झाले. म्हणाले, "तिच्या दहा घटका तुझ्या वहीत आहेत. शोध." रात्रीची भांडी आणि सकाळची भाजी चिरणं आता त्याच्याकडे आहे. वहिनी संध्याकाळी माळ घेऊन बसतात, आणि त्या वेळी घरात कोणी त्यांना हाक मारायची नाही असा नियम आहे. पहिल्या दिवशी तीनदा मोडला. आता मुलगाच बापाला गप्प करतो.

बाकी सद्गुरूंनी फार काही सांगितलं नाही. नवा नियम घड्याळाला बांधू नका, घरात रोज होणाऱ्याच गोष्टीला बांधा, म्हणाले. दिवेलागण झाली की माळ, चहा झाला की आईला फोन. नियम लहानच घ्या. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका, नेहमीचा करा. दुप्पट करणारा तिसऱ्या दिवशी सोडतो. ताई, नवव्या दिवसाचं तुमचं उत्तर बहुतेक इथेच असेल. आणि "बघू", "नंतर", "सवड झाली की" हे तीन शब्द तोंडून निघाले की तिथेच थांबून वार आणि वेळ सांगा. सांगता येत नसेल तर सरळ नाही म्हणा. काकांना आम्ही दसऱ्यालाच नाही म्हटलं असतं, तर त्यांनी दुसरा कोणी वाचणारा शोधला असता. आमच्या हो म्हणण्यानेच ते अडकून पडले. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तेराव्यानंतर काकू म्हणाल्या, "माझ्यासाठी वाचाल का पुढचं? त्यांच्याबरोबर मीही ऐकत होतेच." तेव्हापासून दिवेलागणीला चौघांपैकी एक जण त्यांच्याकडे असतो. काकांचं मोरपीस पोथीत खुणेला आहे, ते रोज एकेक समास पुढे सरकतं. पहिल्या आठवड्यात एकाची पाळी चुकली होती, तेव्हा त्याचा बारा वर्षांचा मुलगा जाऊन वाचून आला. अडखळत वाचलं, पण काकूंना तेच जास्त आवडलं. आता आठवड्यातला एक दिवस त्याचा.

काल सोळावा दशक संपला. चाळीस समास राहिलेत. आज संध्याकाळी सतराव्याची सुरुवात आहे, गल्लीतल्या ज्यांना यायचं असेल त्यांनी दिवेलागणीच्या आत यावं. काकू दार उघडंच ठेवतात.