कल होता, बाग नव्हती

गेल्या दिवाळीत माझ्या एका प्राध्यापक मित्राने शिक्षणावर लेख लिहिला. त्याचं सार एवढंच, की खेड्यातल्या हायस्कुलात व्यवसाय शिक्षण आणणं म्हणजे मनुस्मृतीला सरकारी अनुदान देणं. शहरातल्या पोराला कोडिंग आणि राहात्याच्या पोराला पेरूचं कलम! राहात्याचं नाव त्यांनी सहज घातलेलं नाही. मी नगर जिल्ह्यातल्या या भागात तीस वर्षं विज्ञान आणि कार्यानुभव शिकवला, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पुढे एका लग्नात भेटले, तेव्हा जिलेबीचा तुकडा मोडत त्यांनी विचारलं, "वाचलंत का?" मी म्हणालो, "वाचतोय." वाचून झालं. आता हे उत्तर.

पहिली गोष्ट, पेरूचं कलम त्यांनी कधी बांधलेलं नाही. राहात्याचा पेरू वाशीच्या बाजारापर्यंत जातो तो नुसत्या मातीच्या गुणावर जात नाही. मृग बहार धरायचा तर भर उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडावं लागतं. पानं पिवळी पडून गळतात, नवख्याला वाटतं बाग गेली. याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. किती दिवस द्यायचा, हलक्या रानाला किती, भारीला किती, हे ज्याला कळतं त्याला वनस्पतिशास्त्राचा निम्मा धडा आधीच येत असतो. दहावीच्या निरोप समारंभात एक पाहुणे दरवर्षी हाच दाखला परीक्षेच्या ताणाला लावायचे, आणि पोरं टाळ्या वाजवायची. ताणानंतर पाणी द्यायचं असतं, हे मात्र त्यांच्या भाषणात कधीच येत नसे.

दुसरी गोष्ट, मनुस्मृतीचा धाक त्यांनी कोणाला घालावा? १९ ऑक्टोबर १८८२ ला हंटर शिक्षण कमिशनपुढे निवेदन देणाऱ्या जोतीराव फुल्यांना? त्या निवेदनात मोडी-बालबोध लेखन-वाचन आहे, हिशेब आहे, इतिहास-भूगोल आहे, आरोग्य आहे आणि शेतीचं प्राथमिक ज्ञानही आहे. शिवाय शिक्षक कसा हवा, तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात धरायला न लाजणारा. पुस्तकाला न शिवता नुसता नांगर शिकवा, असं जोतीराव म्हणत नाहीत. नांगराला न शिवणाऱ्या मास्तरावर त्यांचा भरवसा नाही, इतकंच. हे आमच्या मित्राला माहीत नसेल असं नाही. फुल्यांवर ते तासभर बोलतात.

इथपर्यंत मी जिंकत आलो होतो. मग कपाट आठवलं.

हायस्कुलातला विभाग म्हणजे शेवटी एक कपाट असतं. विज्ञान विभागाच्या कपाटाची किल्ली एकाकडे, चित्रकलेची दुसऱ्याकडे, क्रीडा विभागाचे बॅट-बॉल तपासणीच्या दिवशी बाहेर यायचे. माझ्या विभागात एक व्हाइस, दोन करवती, चार शिवणयंत्रं. व्हाइस मुलांना, शिवणयंत्रं मुलींना. ही वाटणी मी केली नाही, पण तीस वर्षांत मोडलीही नाही. म्हणजे जन्मावरून काम ठरवण्याचा कारखाना मीच चालवत होतो, फक्त जातीऐवजी वेणी बघत होतो. पन्नाशीला आलेली एक विद्यार्थिनी परवा म्हणाली, "सर, मला तो व्हाइस एकदा फिरवून बघायचा होता." मी विषय बदलला.

आणि २०१७. दहावीच्या मुलांची कलचाचणी सरकारने नुकतीच, २०१६ मध्ये, सुरू केली होती. कृषी, वाणिज्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा, अशा क्षेत्रांतला मुलाचा कल त्यात कळायचा. चाचणीचा दोष नाही. ती कल सांगायची, सल्ला द्यायची नाही. सल्ला मी दिला. एका पोराचा कल कृषीकडे निघाला. पोरगा कलमं बांधायचा, त्यांतलं एकही वाया जात नसे. मी त्याच्या वडिलांना बोलावलं आणि मोठ्या उत्साहाने सांगितलं, याला कृषी पदविकेला घाला, शेतीतच नाव काढील. वडील दुसऱ्यांच्या बागांत रोजाने पेरू तोडत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "करील की सर. पण कोनाच्या रानात?"

त्याच उन्हाळ्यात, १ जूनला, आमच्याच तालुक्यातल्या पुणतांब्याहून शेतकरी संपावर गेले. दूध रस्त्यावर आलं. ज्यांच्याकडे रान होतं ते रान नको म्हणत होते, आणि मी ज्याच्याकडे नाही त्याला शेतीचा सल्ला देत होतो. प्राध्यापक महाशय, हा एक गुण तुमचा.

पण एकच. पुढचं मी डॉ. श्रीनाथ कलबागांच्या आधाराने मांडतो, आणि त्यांना जास्त जागा देणार आहे, कारण दिवाळी अंकांनी ती फारशी दिलेली नाही. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातला हा शास्त्रज्ञ नोकरी सोडून १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला आला. मुद्दाम कमी पावसाचं गाव निवडलं आणि विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीला आठवड्यातला एक दिवस हातकामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य, चारही गोष्टी प्रत्येकाला, मुलगा असो की मुलगी. शिकवायला गावातलेच कारागीर. पोरं गावाच्या उपयोगाची खरी कामं करायची, माती तपासायची, रक्तगट बघायची, वायरिंग करायची. कलबागांना पोरांना वेल्डर करायचं नव्हतं. हाताने केल्यावर डोकं चालतं, ते फळ्यासमोर बसून तसं चालत नाही, हे त्यांना साधार दाखवायचं होतं.

त्यांच्या पद्धतीतली मला सगळ्यात मोलाची वाटते ती बारीकशी गोष्ट म्हणजे प्रत्येक कामाचा खर्च काढणं. ती मी आमच्याकडे उचलली. एका वर्षी पोरांनी पाण्याच्या जारसाठी लोखंडी स्टँड केला. अँगल इतके किलो, वेल्डिंग रॉड इतके, वीज, रंग. बेरीज झाली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आपली मजुरी धरायची का?" दुसरा ताडकन म्हणाला, "घरची मजुरी कोन धरतं रं?" वर्ग हसला. मी खडू खाली ठेवला. पोराने बोट ठेवलं होतं ते सगळ्या शेतीच्या हिशेबावर. आई भांगलते, पोरगा बारे देतो, म्हातारा राखण करतो, आणि वहीत फक्त खताची पावती. उत्पादन खर्चाच्या दीडपट भाव मागायचा तर आधी खर्चात घरच्यांचा घाम धरायला शिकावं लागतं. त्या दिवशी आम्ही ताशी मजुरी लावली, आणि स्टँड बाजारातल्यापेक्षा महाग निघाला. मग का महाग, यावर दोन तास गेले. घंटा कोणालाच ऐकू आली नाही.

माझ्या मित्राचा घोटाळा इथे आहे. जातीने लोकांना काम दिलं हा अर्धाच अन्याय. त्या कामाचा हिशेब मागायची सोय ठेवली नाही, हा उरलेला. राजाजींनी १९५३ मध्ये मद्रासेत अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरच्या धंद्यात, अशी योजना आणली. गदारोळ झाला, १९५४ मध्ये राजाजींचं मुख्यमंत्रिपद गेलं आणि योजनाही गेली. बरं झालं. बापाचा धंदा पोराला शिकवायला शाळा कशाला हवी? पण शेजारच्या साकुरीत बघा. उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थानात मुलींना वेदपठण आणि यज्ञ शिकवले, जे काम करायची बायकांना मुभाच नव्हती. माझा यज्ञावर विश्वास नाही, पण धंदेशिक्षण याला म्हणतात. जे तुझं नाही असं सांगितलं गेलं, ते हातात देणं.

म्हणून माझी मागणी आता मित्राहून जहाल आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख द्यायचं ठरवलं होतं. निम्मे कोणते, ते आम्हाला न सांगता कळतं. मला सगळे हवेत. लाखाची फी घेणाऱ्या निवासी शाळेतल्या पोरानेही ताण दिलेली बाग बघावी, कलम बांधावं, ते वाळलं तर मजुरीसकट तोटा वहीत लिहावा. त्यानंतर त्याने खुशाल अमेरिकेला जावं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'त कुदळ होती, पण ती शिक्षणाची किंमत होती, पोराच्या पुढच्या आयुष्याचा साचा नव्हता. आमच्या हायस्कुलांनी हे दोन्ही एकच समजून घेतलं, मीही.

तो पेरूवाला पोरगा मागच्या हिवाळ्यात नगर-मनमाड रस्त्यावर भेटला. कृषी पदविका एका वर्षात सोडली होती. आता हप्त्यावर घेतलेल्या पिकअपमध्ये क्रेट भरून रात्री वाशीला जातो. ताडपत्रीची दोरी आवळता आवळता त्याने खिशातली वही दाखवली. डिझेल, टोल, हमाली, गाडीचा हप्ता. खाली एक ओळ, 'माझी रात्र'. समोर आकडा नव्हता.

"किती धरतोस?" मी विचारलं.

"ठरंना सर," तो म्हणाला. "व्यापारी म्हणतो, ती धरूच नको." आणि दोरीची गाठ दातांनी ओढून गाडीत बसला.