हौसेचे मोल

बाद पद्धतीच्या चषकात हरलेला संघ घरी जातो. जिंकणाऱ्याचा मात्र आणखी एक दिवस खर्ची पडतो. इंग्लंडातील यॉर्कशायर प्रांतात हौशी रग्बी क्लबांसाठी असा चषक इ. स. १८७७ मध्ये सुरू झाला. खेळाडूंत खाणमजूर व गिरणीकामगार पुष्कळ. त्यांची बुडालेली मजुरी भरून द्यावी, ही मागणी १८९३ मध्ये रग्बी संघटनेने शुद्ध हौसेच्या नावाखाली फेटाळली. १८९५ मध्ये उत्तरेकडील क्लब फुटून निघाले. द्रव्यलोभाने खेळ बिघडतो, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु परभणीकडील एखादा शेतमजूर मजुरी बुडवून कबड्डीच्या सामन्यास उतरला, तर त्याची भरपाई करणे हा लोभ कसा? निष्कामतेचा उपदेश करणाऱ्याचे पोट बहुधा आधीच भरलेले असते! तो बिचारा अंतिम फेरीस पोहोचेपर्यंत त्याची तीन दिवसांची मजुरी गेलेली असते.