दधीचींचं दान, ओमचा करार

वृत्रासुराच्या वधासाठी देवांना वज्र हवं होतं आणि वज्रासाठी दधीची ऋषींची हाडं. देवांनी ती मागितली, ऋषींनी देह ठेवला. अवयवदानाच्या प्रचारात ही कथा आवर्जून सांगतात, आणि ती सांगायलाच हवी. फक्त तिच्यातली एक गोष्ट निसटू देऊ नये. दधीचींच्या डोक्यावर कुणाचं कर्ज नव्हतं.

मंजुला पद्मनाभन यांच्या ‘हार्वेस्ट’ या इंग्रजी नाटकातल्या ओमचं तसं नाही. १९९७ साली ग्रीसमधला ओनासिस पुरस्कार मिळालेलं हे नाटक तेव्हाच्या भविष्यकाळात, २०१०च्या मुंबईत घडतं. एकाच खोलीत ओम, त्याची आई आणि बायको जया. नोकरी गेलेला ओम एका कंपनीच्या करारावर सही करतो: अमेरिकेतल्या श्रीमंत गिऱ्हाइकाला गरज पडेल तेव्हा आपले अवयव द्यायचे. बदल्यात घरात संडास येतो, पोटभर अन्न येतं, टीव्ही येतो. खोलीत टांगलेल्या यंत्रावर एका गोऱ्या बाईचा हसरा चेहरा उमटतो आणि घरातले काय खातात, स्वच्छ राहतात ना, आनंदात आहेत ना, याची चौकशी करतो. शेतकऱ्यानं उभ्या पिकाची काळजी घ्यावी, तशी. पुढे न्यायला आलेले पहारेकरी ओमऐवजी त्याच्या भावाला, जीतूला उचलून नेतात. गोविंद निहलानींनी या नाटकावर २००१ मध्ये ‘देहम’ हा चित्रपट केला.

ओमला कुणी बांधून नेलेलं नाही, अंगावर काटा येतो तो त्यामुळेच. काझुओ इशिगुरो यांच्या ‘नेव्हर लेट मी गो’ (२००५) या कादंबरीतही अवयवांसाठीच जन्माला घातलेली तरुण मुलं पळून जात नाहीत. तिथेही त्या कापाकापीला ‘दान’च म्हणतात.

या लेखकांचं भांडण शस्त्रक्रियेशी नाही. १९५४ साली बोस्टनमध्ये पहिलं यशस्वी मूत्रपिंडरोपण झालं, ते जुळ्या भावांमध्ये. परक्याचा अवयव शरीर सहसा स्वीकारत नसे. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आलं आणि अनोळखी माणसाची किडनीही चालू लागली. हजारोंचे प्राण वाचले. पण सख्ख्या भावाकडे मागण्याची गरज संपली, तशी परक्या गरिबाकडून विकत घेण्याची वाटही मोकळी झाली.

‘शरीर माझं, मी विकीन’ असा युक्तिवाद यावर केला जातो. त्याला उत्तर चेन्नईत मिळालं. किडनी विकलेल्या ३०५ जणांची पाहणी २००१ साली तिथे झाली. त्यातल्या ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी किडनी विकली होती. विक्रीनंतर कुटुंबाचं उत्पन्न सरासरी एक तृतीयांशानं घटलं, ८६ टक्के लोकांची तब्येत आधीपेक्षा बिघडली आणि पाहणीच्या वेळी सुमारे तीन चतुर्थांश जण अजूनही कर्जातच होते. यांच्या होकाराला स्वातंत्र्य म्हणणं म्हणजे त्या शब्दाचा अपमान आहे.

तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९७ मध्येच हा प्रश्न हाताळला होता. दुसऱ्याच्या तोंडात बसवण्यासाठी स्वतःचा दात देणं किंवा विकणं त्यांना अंशतः आत्महत्येसारखं वाटे. देणं आणि विकणं एकाच तागडीत टाकून ते चुकले. दधीचींची कथा इथे कांटच्या पुढे जाते. मात्र वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा, हा त्यांचा भेद आजही टिकून आहे. ‘हार्वेस्ट’च्या शेवटी जया त्याच भेदावर पाय रोवून उभी राहते. खोलीचं दार लावून घेते आणि पडद्याआडच्या गिऱ्हाइकाला बजावते की हवं असेल तर स्वतः, सदेह ये. आणि आधी माझं नाव नीट उच्चारायला शीक.

भारतात १९९४च्या कायद्यानं अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. जवळचा नातेवाईक नसलेल्या दात्याला अधिकृत समितीची परवानगी लागते. तिथे ‘स्वखुशीनं देताय ना?’ हा प्रश्न येतोच. त्याच्या जोडीला, दात्याला एकट्याला बसवून, आणखी एक प्रश्न दरवेळी विचारला गेला पाहिजे: घरावर कर्ज किती आहे?