लहानग्यांची शेज

लहान मुलानें आईबापांच्या अंथरुणांत निजावें कीं वेगळें निजावें, हा प्रश्न आमच्या आजीच्या पिढीस पडलाच नव्हता. ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात त्या नगर जिल्ह्यांतील जुन्या घरांत माजघरांत सरसकट अंथरूण पडे, आणि पोरें गोधडीच्या उबेस आजीला, आईला बिलगून निजत. आज मात्र सुशिक्षित घरांत पहिलें मूल जन्मलें कीं हा वाद हटकून निघतो.

एक पक्ष म्हणतो, एकटें निजल्यानें मूल स्वावलंबी होतें. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉटसन यांनीं तर १९२८ सालीं मुलांस कुरवाळण्याचाही निषेध केला होता. दुसरा पक्ष विचारतो, ज्याला अजून बोलतां येत नाहीं, त्याला अंधारांत एकटें टाकण्यांत कसलें शिक्षण आहे? श्वेडर आदि संशोधकांनीं १९९५ सालीं भुवनेश्वर येथील व अमेरिकेंतील कुटुंबांच्या निजण्याच्या रीती ताडून पाहिल्या. अमेरिकन मनाला दांपत्याचा एकांत व मुलाचें स्वातंत्र्य थोर वाटलें. ओडिया मनाला दुर्बळास एकटें न टाकणें हें थोर वाटलें. तेव्हां हा भेद मायेच्या कमीअधिकपणाचा नसून कर्तव्याच्या कल्पनेचा आहे.

परंतु रूढि आपली म्हणून निर्दोष ठरत नाहीं. अमेरिकेंतील बालवैद्यांच्या परिषदेनें २०२२ सालीं सांगितलें कीं, निदान पहिले सहा महिने मूल आईबापांच्याच खोलींत, पण वेगळ्या, सपाट व घट्ट अंथरुणावर उताणें निजवावें. मऊ उशा-दुलयांनीं श्वास कोंडण्याचें भय असतें, आणि आईबापांपैकीं कोणी मद्य घेतलें असेल तर तें फारच वाढतें. गंमत अशी कीं, आईच्या बाजेशेजारीं पाळणा टांगणाऱ्या आमच्या पूर्वजांनीं जवळीक व वेगळेपणा यांची सांगड केव्हांच घातली होती. पाळण्याची झोळी मात्र सपाट नसते, एवढी दुरुस्ती आम्हीं स्वीकारली पाहिजे.

येथपर्यंतचा वाद खोल्या असणाऱ्यांचा झाला. पाथर्डी-शेवगांवाकडील कित्येक कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस निघतात. तेथें नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उसाच्या पाचटाच्या नाहींतर ताडपत्रीच्या कोपींत सारें घर एकाच अंथरुणावर निजतें. थंडी आहे, आणि फडांत बिबट्याही आहे. तेथें मुलाला कुशींत घेणें हें तत्त्व नव्हे, संरक्षण होय. पहांटेच्या अंधारांतच आईबाप फडाकडे निघतात, आणि मूल जागें होतें तेव्हां शेजारची जागा थंड झालेली असते. त्या मुलाचें दुःख आईजवळ निजण्यांत नसून आई उठून जाण्यांत आहे.

म्हणून आम्हांस वाटतें, खाट एक कीं दोन हा गौण प्रश्न आहे. तान्ह्याच्या श्वासाला धोका नसावा. रात्रीं त्यानें हांक मारल्यास ओ मिळावी. आणि तें मोठें होऊन आपण होऊन वेगळें अंथरूण मागूं लागेल, तेव्हां आपल्या सुखासाठीं त्यास अडवूं नये. ज्या घरांत या तीन गोष्टी सांभाळल्या जातात, तेथें कोणत्याही रीतीस आम्हीं नांवें ठेवणार नाहीं. मात्र जेथें पहिल्या दोन गोष्टी आईबापांच्या हातींच राहिलेल्या नाहींत, त्या कोपींतील मुलाविषयीं आपण, साखर खाणारे, काय करणार आहों, हा प्रश्न आमच्या निजण्याच्या खोल्यांहून पुष्कळ मोठा आहे.