उठावाचा बोलविता धनी

५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना ढाक्यातून निघून गेल्या आणि आपल्याकडच्या वाहिन्यांवर, व्हॉट्सअ‍ॅपवर निकाल लागायला फार दिवस लागले नाहीत : हे अमेरिकेचंच काम. अमेरिकेला सेंट मार्टिन बेट हवं होतं, असाही दाखला निघाला. सरकारी नोकऱ्यांतल्या ३० टक्के राखीव जागांवरून विद्यार्थी रस्त्यावर आले, रंगपूरला हात पसरून उभ्या असलेल्या एका निःशस्त्र विद्यार्थ्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर शेकडो माणसं मारली गेली, हे सगळं बाजूला पडलं. शेजारच्या देशातली माणसं स्वतःच्या संतापाने उठू शकतात, हेच आपल्याला मानवेना. या सोयीच्या समजुतीची मला चीड येते. तिची जडणघडण पाहायची तर इराणकडे वळायला हवं. परकीय हाताचा संशय तिथल्या राजकारणात जितका मुरला आहे तितका क्वचितच कुठे मुरला असेल.

संशयाला कारणं भरपूर होती. १९०७ साली ब्रिटन आणि रशियाने इराणला न विचारता त्याचे प्रभावक्षेत्रांत तुकडे पाडले. १९४१ मध्ये दोघांच्या फौजा घुसल्या आणि रझाशहांना गादी सोडावी लागली. १९५३ तर सर्वांना पाठच आहे : पंतप्रधान मोसादेक, तेलाचं राष्ट्रीयीकरण, सीआयए आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा कट, रोमला पळालेले रझाशहांचे पुत्र शहा महंमद रझा पुन्हा गादीवर. त्या कटातला आपला वाटा सीआयएने २०१३ साली खुल्या झालेल्या कागदपत्रांत कबूल केलेला आहे. यावर कुणी वाद घालत नाही.

वाद पुढच्या पायरीचा आहे. १९५३ च्या जखमेने इराणी माणूस संशयी झाला आणि त्याच सवयीने १९७९ च्या क्रांतीमागेही त्याला परकेच दिसू लागले, असं सर्रास लिहिलं जातं. मला हे साफ चुकीचं वाटतं. १९५३ पर्यंतच्या कहाण्यांत परके लोकांची इच्छा चिरडतात. १९७९ बद्दलच्या कहाणीत लोकांची इच्छाच परक्यांनी पेरलेली असते. पहिल्या कहाणीत जनता नागवली गेलेली आहे, दुसरीत ती भाडोत्री आहे. ही उलटापालट जखमी जनतेने केलेली नाही. ती दरबाराने केली, आणि दरबार तर १९५३ च्या कटाचाच लाभार्थी होता.

ती करताना दरबार पुरता उघडा पडला. ७ जानेवारी १९७८ च्या ‘इत्तेलाआत’ दैनिकात अहमद रशिदी मोतलघ या टोपणनावाने एक लेख आला. मजकूर माहितीमंत्र्यांच्या हातून वृत्तपत्राकडे पोहोचला होता. लाल आणि काळा वसाहतवाद, म्हणजे कम्युनिस्ट आणि मुल्ला, एकत्र आल्याचा त्यात आरोप होता. शहांचे विरोधक, परागंदा धर्मगुरू खोमेनी ‘सय्यद हिंदी’ म्हणून ओळखले जात, त्यांचे लागेबांधे इंग्रजांशी असावेत, असंही सुचवलेलं होतं. त्याला आधार एवढाच की खोमेनींचे आजोबा अवधमधल्या बाराबंकीजवळच्या किंतूर गावचे. लेख वाचून कोम शहरातले मदरशांचे विद्यार्थी रस्त्यावर आले आणि ९ जानेवारीला पोलिसांनी गोळीबार केला. शिया रिवाजाप्रमाणे मृतांचा चाळिसावा पाळायला १८ फेब्रुवारीला तब्रीझ पेटलं. तिथल्या मृतांच्या चाळिसाव्याला आणखी शहरं उठली. परकीय हाताचा आरोप क्रांतीनंतर जुळवला गेला, असं मानणाऱ्यांनी या तारखा पाहाव्यात. पहिली ठिणगी त्या आरोपाचीच होती.

परागंदा झाल्यावर शहांनी ‘इतिहासाला उत्तर’ लिहिलं आणि पाश्चात्त्य मित्रांवर खापर फोडलं. त्यांचे पाठीराखे अजून बीबीसीच्या फारसी सेवेचं आणि पाश्चात्त्य नेत्यांच्या ग्वादेलूपमधल्या शिखर बैठकीचं नाव घेतात. पण ती बैठक जानेवारी १९७९ ची. त्याआधीच तेल कामगारांच्या संपाने निर्यात बंद पाडली होती आणि डिसेंबरच्या मोहरममध्ये लाखो लोक तेहरानच्या रस्त्यांवर चालले होते. १९७७ च्या शेवटच्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर इराणला स्थैर्याचं बेट म्हणत होते. ऑगस्ट १९७८ मध्ये सीआयएचं अनुमान होतं की इराणमध्ये क्रांतिपूर्व परिस्थितीसुद्धा नाही. पुढे अमेरिकी वकिलात ताब्यात घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी यंत्रात कापलेल्या कागदांच्या पट्ट्या एकेक करून जुळवल्या आणि खंडामागून खंड छापले. अमेरिकेचं पितळ उघडं पाडायला निघालेल्या त्या तरुणांच्याही हाती शहांना घालवण्याची योजना लागली नाही.

शहा गेले, पण त्यांची कहाणी मुल्लांनी जशीच्या तशी उचलली. (आपल्याकडे जयप्रकाशांच्या आंदोलनामागे इंदिरा गांधींना परकीय हात दिसला होता, सत्तेला ही कहाणी कुठेही सापडते.) २००९ च्या निवडणुकीवरून पेटलेल्या हरित आंदोलनानंतर तेहरानच्या न्यायालयात परक्यांनी रचलेल्या ‘मखमली क्रांती’च्या आरोपाचे खटले उभे राहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाबच्या नियमावरून पकडलेली महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली, मुलींनी भर रस्त्यात डोक्यावरचे रुमाल जाळले आणि तेव्हाचे सर्वोच्च नेते खामेनींनी ३ ऑक्टोबरला सांगितलं की हे अमेरिकेने आणि इस्रायलने आखलेलं आहे. महिनाअखेरीस, तिच्या चाळिसाव्याला, तिच्या गावाला, साक्केझला जाणारे रस्ते पोलिसांनी अडवले, तेव्हा हजारो माणसं शेतांतून चालत तिच्या कबरीकडे गेली. चाळिसाव्याला रस्त्यावर उतरण्याचा हा रिवाज राजवट उलथून टाकू शकतो, हे खामेनींच्या पिढीने स्वतः १९७८ मध्ये अनुभवलं होतं. तेव्हा त्यांना तो लोकांचा उठाव वाटला होता.